शून्य-शून्य तारखेची मुलं

प्रभावती ओव्हाळ पौडच्या आमच्या दवाखान्यात रुजू झाली ती १९८७ च्या जूनमध्ये. मी तिथं नर्स होते. मुनीरा शेख माझं नाव. माहेर आणि सासर दोन्ही पौडचं, वाटा पायाखालच्या, म्हणून मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या बावीस वाड्या माझ्याकडं दिल्या होत्या. प्रभावती कासारसाईची, बौद्ध घरातली. वडील पिंपरीला एका कारखान्यात हेल्पर, आणि ही बी.एस्सी. होऊन वर कॉम्प्युटरचा आठ महिन्यांचा कोर्स केलेली. दवाखाना चालवणाऱ्या न्यासाला कुणीतरी एक कॉम्प्युटर देणगी दिला होता. तो चालवायला माणूस हवा म्हणून तिला घेतलं. पहिल्याच आठवड्यात शिपायानं तिला विचारलं, बाई, टेबलं पुसायला किती वाजता येणार. ती म्हणाली, तुझं टेबल तू पूस, माझं मी पुसते. हिच्याशी आपलं जमणार, हे मला तेव्हाच कळलं.

कॉम्प्युटरचं मुख्य काम म्हणजे लसीकरणाची यादी. वाडीवाडीतल्या लहान मुलांची नावं आणि जन्मतारखा त्यात भरलेल्या असायच्या. दर महिन्याच्या एक तारखेला प्रिंटर यादी काढायचा: कुठल्या वाडीत कुणाला कुठली लस देणं आहे. त्या यादीवरून जीप कुठं जाणार ते ठरायचं आणि बर्फाच्या पेटीत लशीच्या किती बाटल्या ठेवायच्या तेही. ज्या वाडीचं यादीत नाव नाही, तिकडं जीप जात नसे.

हा प्रोग्रॅम पुण्यातल्या लोकसंगणक मंडळानं तयार केला होता आणि फुकट वाटला होता. मंडळ म्हणजे नोकरी सांभाळून हे काम करणारी वीस-पंचवीस माणसं. फ्लॉपीबरोबर त्यांनी प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी कागदावर छापून दिल्या होत्या. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'हा प्रोग्रॅम सर्वांचा आहे. चूक आढळल्यास दुरुस्ती करून पाठवावी. तपासून पुढील आवृत्तीत घेतली जाईल.' त्रेचाळीस दवाखाने तो वापरत होते. प्रभावतीला याचं फार कौतुक. म्हणायची, "मुनीराताई, असं कुणी देत नाही हो. आतलं सगळं उघडं करून देतात आणि वर म्हणतात, तुम्हीपण हात लावा."

ऑक्टोबरात मी तिला म्हटलं, "कातळवाडीचं एकही नाव चार महिने यादीत नाही. तिथं दोन वर्षांखालची नऊ मुलं मला तोंडपाठ आहेत."

तिनं छापील ओळींचा गठ्ठा घेतला आणि दुपारभर बोटानं एकेक ओळ वाचत बसली. चार वाजता मला हाक मारली.

"ताई, कातळवाडीच्या मुलांच्या जन्मतारखा काय लिहिल्यात तुम्ही?"

"तारीख माहीतच नसते त्यांना. घरात झालेली पोरं. महिना सांगतात, वर्ष सांगतात. तारखेच्या जागी मी शून्य-शून्य लिहिते. तसंच लिहायला सांगितलंय."

"मग बरोबर आहे. प्रोग्रॅम म्हणतो, तारीख एकपेक्षा कमी असेल तर ही नोंद सोडून पुढं जा." तिनं ओळीवर नख टेकवलं. "सोडली म्हणून कुठं लिहीतसुद्धा नाही. गुपचूप पुढं जातो."

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. जी मुलं दवाखान्यात जन्मली, ज्यांच्या आईबापांनी तारीख कागदावर लिहून ठेवली, ती यादीत होती. जी डोंगरात जन्मली ती कॉम्प्युटरच्या लेखी जन्मलीच नव्हती.

प्रभावती स्वतः शाळेच्या दाखल्यावर एक जूनची. मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना एक जून लावली होती. ती म्हणाली, "मी असते तरी यानं मला टाकली असती." हसत म्हणाली, पण नाकपुड्या फुलल्या होत्या.

दोन दिवसांत तिनं दुरुस्ती केली. तारीख शून्य असेल तर महिन्याची पंधरा धर, अशी. आसपासच्या गावांच्या नोंदींवर चालवून पाहिली, नावं यायला लागली. मग तिनं डॉक्टरांना विचारलं, आपल्याकडं ही लगेच वापरू का. डॉक्टर नको म्हणाले. न्यासाचा नियम होता, मंडळाचा शिक्का असलेली फ्लॉपीच वापरायची. आधी दुसऱ्या एका दवाखान्यात कुणीतरी घरच्या घरी काहीतरी बदल केला आणि सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या.

"मंडळाला पाठव," डॉक्टर म्हणाले. "आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

तिनं फ्लॉपी पुठ्ठ्यात बांधली, सोबत चार पानांचं पत्र जोडलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवली. तीन आठवड्यांनी एक कार्ड आलं. 'आपले पत्र मिळाले. पाहत आहोत. – वा. कंधारे.' नोव्हेंबरात तिनं पुन्हा लिहिलं. डिसेंबरात पुन्हा. जानेवारीत डॉक्टरांच्या फोनवरून पुण्याला फोन लावला, तर कंधारे साहेब कामावर गेलेत असं त्यांच्या घरून कळलं. मी डॉक्टरांना दोनदा म्हटलं, कातळवाडीला जीप न्या. ते म्हणाले, "सिस्टर, यादीत तिथं कुणीच नाही. पेटी उघडून बर्फ वाया घालवायचा का?" दोनदा सांगून मी गप्प बसले. तिसऱ्यांदा भांडायला हवं होतं. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो माझा माझ्यावरच आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कातळवाडीत गोवर आला. नऊ मुलांपैकी आठ अंथरुणाला लागली. सात उठली. आठवी जाईबाईची हौसा, जेमतेम वर्षाची. जाईबाई तिला पाठीला बांधून चार तास उतरून रस्त्याला आली आणि दुधाच्या टेम्पोतून पौडला. गोवर छातीत उतरला होता. श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. जाईबाई रडली नाही. ती मला म्हणाली, "बाई, तुमी वाडीला आला हुता की दिवाळीत. सुई न्हवती का त्येची?"

मी म्हटलं, "होती." पण ती दवाखान्यातल्या पेटीत होती; दिवाळीत मी पायी, पेटीशिवाय गेले होते.

त्याच आठवड्यात मंडळाचं पत्र आलं. टाइप केलेलं, खाली कंधारेंची सही. प्रभावतीनं ते उभ्यानंच वाचलं आणि माझ्या हातात दिलं. 'आपण सुचवलेली दुरुस्ती स्वीकारता येत नाही. प्रोग्रॅममध्ये दोष नाही. जन्मतारीख अपूर्ण भरणे हा संबंधित परिचारिकेचा हलगर्जीपणा आहे. तिला योग्य त्या सूचना द्याव्यात.'

संबंधित परिचारिका मी. चौदा वर्षं त्या डोंगरात चालून माझ्या दोन्ही टाचा फुटल्या होत्या. प्रभावती अगदी हळू आवाजात बोलली. "ताई, तो माहितीपत्रकाचा गठ्ठा कुठंय? मंडळानं पहिल्या फ्लॉपीबरोबर पाठवलेला?"

तो माझ्याच कपाटात होता. तिनं चौथं पान काढलं. 'जन्मतारीख अंदाजाने लिहू नये. माहिती नसल्यास ०० लिहावे.'

"यांनीच सांगितलं शून्य लिहा," ती म्हणाली, "आणि यांच्याच प्रोग्रॅमनं शून्यवाल्यांना टाकलं. लिहिणाऱ्या दोघांनी एकमेकांचं वाचलं नाही. आणि हलगर्जी तुम्ही." तिनं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. "त्यांची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. आपण जायचं."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही पुण्याला गेलो. एका शाळेच्या वर्गात बैठक होती. बाकांवर वीस-बावीस पुरुष, एकही बाई नाही. फळ्यासमोर टेबलाशी कंधारे बसले होते. पंचेचाळिशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वाल्मीक कंधारे मूळचे आमच्याच तालुक्यातले. कारखान्यात कॉम्प्युटर विभागात मोठ्या हुद्द्यावर होते. हा प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं, दोन वर्षं रविवार मोडून लिहिला होता. हे सगळं खरं आहे, म्हणून सांगते. माणूस आळशी नव्हता.

प्रभावतीनं उभं राहून पत्र वाचून दाखवलं. मग चौथं पान वाचलं. मग म्हणाली, "आठ मार्चला आमच्या दवाखान्यात एक मुलगी गोवरानं गेली. तिचं नाव हौसा. ती तुमच्या यादीत नव्हती. माझी दुरुस्ती ऑक्टोबरपासून तुमच्याकडं पडून आहे."

कंधारे म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. पण बाई, भावनेनं प्रोग्रॅम लिहिता येत नाही. अपूर्ण तारीख ही चुकीचीच तारीख. चुकीची माहिती मी आत घेऊ कसा?"

"घेऊ नका. पण घेतली नाही म्हणून सांगा तरी. एक ओळ छापायची होती, की ही नऊ मुलं मी सोडलीत."

"तुमच्यासारखे पन्नास जण पन्नास सूचना पाठवतात. त्या सगळ्या मलाच बघायच्या असतात."

"मग एकटे का बघता?"

"कारण एकदा दुसऱ्याला बघू दिलं होतं." कंधारेंचा आवाज चढला. "खेडच्या एकानं दुरुस्ती पाठवली, इथल्या एकानं वरवर बघून होकार दिला, आणि सहाशे मुलांच्या नोंदी पुसल्या गेल्या. त्या मी कागदावरून परत भरल्या. एकट्यानं. तेव्हा यातलं कुणी आलं नव्हतं. हे मूल मी वाढवलंय बाई. त्याला कुणीही हात लावायचा नाही."

"मूल म्हणू नका त्याला," प्रभावती म्हणाली. "मूल आम्ही पुरलंय."

मागच्या बाकावरून एक माणूस उठला. बारीक अंगाचा, चष्मेवाला. हाफीज तांबोळी त्याचं नाव, कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. मंडळाच्या फ्लॉप्या तोच पाकिटात भरून टपालात टाकायचा. वर्गातलं कपाट उघडून त्यानं एक खोका काढला आणि टेबलावर आणून ठेवला. आत पाकिटं होती. बरीचशी न फोडलेली.

"हाफीज, हे काय चाललंय?" कंधारेंनी विचारलं.

"सर, टपाल मी आणतो. खोक्यात मी ठेवतो. पुढं काय होतं ते मीही कधी विचारलं नाही," हाफीज म्हणाला. "आज बघू या."

त्यानं पाकिटं फोडायला सुरुवात केली. बाकांवरची माणसं उठून टेबलाभोवती आली. एकूण चौतीस निघाली. फोडलेली अकरा, बंद तेवीस. हाफीज एकेकाचा मजकूर मोठ्यानं वाचत होता. कुणी प्रिंटरच्या अक्षरांबद्दल लिहिलं होतं, कुणी गावांच्या नावांबद्दल. सातवं पाकीट जुन्नरचं होतं: शून्य तारखेची मुलं यादीत येत नाहीत. तेरावं वेल्ह्याचं. तेच. एकविसावं धुळ्याकडून, एका आश्रमशाळेच्या दवाखान्यातून. तेच, आणि तारीख मे १९८७ ची. म्हणजे आमच्याआधी पाच महिने. हौसाला त्या वेळी दातही आले नव्हते.

धुळ्याचं वाचून झाल्यावर हाफीजनं ते कंधारेंपुढं ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"माझ्याकडं वेळ नव्हता," ते म्हणाले.

"वेळ नव्हता हे चालेल," प्रभावती म्हणाली. "वेळ कुणालाच नसतो. पण वेळ नाही असं तुम्ही लिहिलं नाहीत. तुम्ही लिहिलंत, नर्स हलगर्जी आहे. बाहेर लिहिता, हा प्रोग्रॅम सर्वांचा आहे. सर्वांनी पाठवायचं, आणि एका कपाटात कुजायचं. मग ती ओळ तरी खोडा."

मी उठले आणि म्हटलं, "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण वापरणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय तुम्ही ठरवता कसं, एवढं मला सांगा. मला कुणी एकदा विचारलं असतं, की बाई, डोंगरात तारखा असतात का, तर मी सांगितलं असतं नसतात."

त्यानंतर दोन तास भांडण चाललं. कुणी म्हणालं, जो लिहितो त्यानंच तपासावं. कुणी म्हणालं, मतदान घ्या. प्रभावतीनं फळ्यावरचं कालचं गणित पुसलं आणि खडूनं लिहायला घेतलं. दुरुस्ती आली की त्याच दिवशी वहीत चढवायची, नंबर टाकून. तपासणार दोघं, एक प्रोग्रॅम लिहिणारा आणि एक दवाखान्यात तो वापरणारा. दोघांचा होकार असेल तरच आत. पंधरा दिवसांत उत्तर. नकार दिला तर कारण लेखी, आणि ते कारण वहीत सगळ्यांना वाचता येईल असं. ज्यानं मूळ लिहिलंय त्याला मत आहे, पण एकट्याच्या मतावर काही अडणार नाही.

"आणि नोंदी पुसल्या गेल्या तर?" कंधारेंनी विचारलं. हा प्रश्न बरोबरच होता.

हाफीज म्हणाला, "प्रत्येक दुरुस्ती आधी खऱ्या नोंदींच्या नकलेवर चालवायची. तपासणाऱ्या दवाखान्याच्या. मूळ फ्लॉपीला हात नाही." ते प्रभावतीनं लिहून घेतलं.

हात वर झाले. अठरा बाजूनं, तीन विरुद्ध. कंधारेंनी हात वर केलाच नाही. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि गेले. कुणी थांबवलं नाही. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता. मला बरं वाटलं. नंतर थोडं कमी बरं वाटलं, पण तेव्हा बरंच वाटलं.

वहीतला नंबर एक प्रभावतीच्या दुरुस्तीला मिळाला. तपासणारे हाफीज आणि मी. मी नको म्हणत होते, आम्ही दोघी एकाच दवाखान्यातल्या. पण डोंगरातल्या नोंदी माझ्याच होत्या. बुधवारी हाफीज रजा टाकून, वही घेऊन पौडला आला. त्यानं नोंदींची नक्कल केली आणि म्हणाला, "सिस्टर, काय तपासू ते तुम्ही सांगा."

माझ्या मनात एकच होतं. गोवराची लस नऊ महिन्यांनंतर देतात, आणि हौसाला डिसेंबरात नऊ महिने भरले असणार होते. "कॉम्प्युटरला सांग की आज गेल्या वर्षीचा एक डिसेंबर आहे. आणि कातळवाडीची यादी काढ. त्या दिवशी जी निघायला हवी होती ती मला बघायचीय."

प्रभावती खिडकीशी उभी होती. प्रिंटर करकरत चालला. मी कागद फाडून घेतला आणि नावं मोजली. सात. पुन्हा मोजली. मग एकेक नाव वाचलं. कोंडीरामची दोन्ही होती, लीलाबाईचा मुलगा होता, नथूची नात होती. नऊपैकी दोन नव्हती, आणि त्यातली एक हौसा.

"काय झालं?" प्रभावतीनं विचारलं.

हाफीजनं हौसाची नोंद उघडली. शून्य-शून्य, शून्य-शून्य, सत्याऐंशी. तारीख नाही आणि महिनाही नाही. मला आठवलं. जाईबाई म्हणाली होती, होळीच्या आगंमागं झाली. आधी की नंतर, ते तिला सांगता येईना. फेब्रुवारी की मार्च ते मला ठरवता आलं नाही आणि अंदाज लिहायचा नाही असं छापलेलं होतं. मी दोन्हीकडं शून्य लिहिलं.

हाफीजनं छापील ओळींवर बोट ठेवलं. तारखेच्या ओळीखाली तिसरीच ओळ होती. महिना एकपेक्षा कमी असेल तर ही नोंद सोडून पुढं जा.

प्रभावतीनं तारखेची ओळ पकडली होती आणि चोर सापडला म्हणून तिथंच थांबली होती. जवळच्या गावांच्या नोंदींवर तिनं चालवून पाहिलं, तिथं महिने सगळ्यांना माहीत होते. म्हणजे ऑक्टोबरात मंडळानं तिची दुरुस्ती डोळे मिटून घेतली असती, तरी हौसा यादीत आली नसती.

"जीप गेली असती," मी म्हटलं. "सात नावं असती तर जीप वाडीकडं गेली असती. आणि तिथं गेल्यावर मी तिला सोडून आले असते का?"

"तुम्ही मला समजावू नका," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून कागद ओढून घेतला, त्याचे दोन तुकडे केले, चार केले. मग हाफीजवर ओरडली, "आत्ता दिसलं तुम्हाला हे? सहा महिने फ्लॉपी तुमच्या खोक्यात होती. एकानं, एकानं जरी ताईंच्या नोंदींसमोर बसून बघितली असती तर अर्ध्या तासात दिसलं असतं. आज दिसलं तसं."

हाफीजनं कागदाचे तुकडे गोळा केले.

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "वही काढा. नंबर एक. नामंजूर लिहा. कारण लिहा: महिना माहीत नसलेली मुलं अजूनही गळतात. खाली दोघं सही करा."

"प्रभा, हे नामंजूर कशाला, आत्ताच दुरुस्त करून—" मी म्हणायला लागले.

"लिहा म्हणते ना."

हाफीजनं लिहिलं. आम्ही सह्या केल्या. माझी सही वाकडी आली.

दोन दिवसांत तिनं नवीन दुरुस्ती आणली. या वेळी तिनं कुठली तारीख धरायची याचा नादच सोडला होता. प्रोग्रॅम ज्याला ज्याला सोडेल, त्याचं नाव यादीच्या शेवटी छापायचं, वर ठळक मथळा: 'यांची तारीख माहीत नाही. वाडीत जाऊन विचारा.' आम्ही ती बावीसही वाड्यांच्या नोंदींवर चालवली. एकूण एक्केचाळीस नावं निघाली. एक्केचाळीस मुलं, जी आमच्याच फ्लॉपीत होती आणि कुणाला दिसत नव्हती. हाफीजनं शिक्का मारला आणि त्याच आठवड्यात त्रेचाळीस दवाखान्यांना पाकिटं गेली.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कातळवाडीला गेलो. डॉक्टर स्वतः जीपमध्ये बसले. रस्ता संपल्यावर पेटी खांद्यावर घेऊन चाललो. प्रभावती हट्टानं आली होती. लसी देऊन झाल्या तरी जाईबाई दारातून हलली नव्हती. प्रभावती तिच्यापुढं जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. यादीचं, शून्यांचं, पाकिटांचं, स्वतःच्या चुकीचंही.

जाईबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी कागुद बोलला न्हाई म्हनून तुमी आला न्हाई."

"हो."

"मी सांगितलं हुतं हिला," तिनं माझ्याकडं हात केला, "होळीच्या आगंमागं म्हनून. हितं समद्यांस्नी ठावं हाय होळी कंदी असती. तुमच्या मशिनीला होळी ठावी न्हाई व्हय?"

प्रभावतीनं 'नाही' म्हणून मान हलवली.

"आता कशापाय सांगाया आलासा? मला हलकं वाटावं म्हनून का तुमाला?" जाईबाई उठली. "जावा आता. अन्‌ पुन्यांदा येताना सुई घिऊन या, कागुद नगं."

तिनं आम्हाला पाणी विचारलं नाही. उतरताना प्रभावती दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा माझा हात तिनं झिडकारला.

पुढं मंडळ त्या वहीवर चांगलं चाललं. प्रभावती दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुण्याला जायची आणि भांडून यायची. लोक तिला घाबरत, पण दुरुस्त्या पाठवत. मी आणखी सात दुरुस्त्या तपासल्या. त्यांतल्या दोन मी नाकारल्या, आणि दोन्ही वेळा कारण लिहिताना मला माझं अक्षर चांगलं असायला हवं होतं असं वाटलं.

सप्टेंबरात वहीत नंबर सत्तावीसची नोंद झाली. पाठवणार: वा. कंधारे. त्यांनी मंडळात पाऊल टाकलं नव्हतं, पण घरी बसून प्रोग्रॅममधली सगळी 'सोडून पुढं जा' ठिकाणं शोधली होती. नऊ निघाली होती. प्रत्येकाची दुरुस्ती होती. सोबत पत्र नव्हतं. माफी नव्हती. लिहिणारी तपासनीस म्हणून नंबर प्रभावतीच्या वाट्याला आला, वापरणारी मी.

तिनं पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. आठ दिवस झाले. अकरा झाले. बाराव्या दिवशी मी विचारलं.

"बघते," ती म्हणाली.

"हेच कार्ड आपल्याला आलं होतं. पाहत आहोत."

"ताई, त्याचं आणि माझं एक करू नका. तुम्हाला हलगर्जी म्हणाला होता तो."

"मला म्हणाला होता. मी विसरले नाही, मरेपर्यंत विसरणार नाही. पण तू फळ्यावर पंधरा दिवस लिहिलंस. माणूस बघून पंधरा दिवस, असं लिहिलं नव्हतंस. त्या नऊ जागांत कुठं कुणाचं पोर अडकलंय, तुला माहितीये?"

ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मला वाटलं आता ही खुर्ची फेकते. मग तिनं खण इतक्या जोरात ओढला की तो बाहेरच आला. पाकीट फोडलं. दोन दिवस आम्ही दोघी नोंदींच्या नकलेसमोर शेजारी बसून ती दुरुस्ती चालवत होतो, कामापुरतं बोलत. नऊपैकी आठ जागा बरोबर होत्या. नवव्या जागेवर त्यांचं चुकलं होतं. तिथं जुळ्या मुलांपैकी एकाचं नाव जात होतं. प्रभावतीनं वहीत लिहिलं: आठ मंजूर, एक परत, कारण असं असं. सही केली. मग माझ्यापुढं वही सरकवली. मीही सही केली. चौदावा दिवस होता.

त्यानंतरचा आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही. नववी जागा दुरुस्त करून कंधारेंनी ती सहा दिवसांत परत पाठवली. आम्ही ती दुसऱ्याच दिवशी घेतली.